करड्या रंगाखालची हंसा

नाना,

पट्टी अजून चमकते आहे. तुम्ही गेल्यापासून घरातल्या पितळेला कुणी हात लावलेला नाही. समई काळवंडली, तांब्यावर डाग पडले. ही वीतभर पट्टी मात्र माझ्या पुस्तकांच्या कपाटात झळकते आहे, कारण दसऱ्याआधी ती घासून झाल्यावर मी तिला वॉर्निशचा एक हातही दिला होता. चमक टिकावी म्हणून. ती टिकली.

काल तेरावा झाला. पाहुणे गेले, विलास आजपासून बँकेत जायला लागला. घरात मी आहे आणि ही पट्टी आहे. मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं मागितली आहेत. "वहिनी, जन्म, गाव, नोकरी, स्वभाव, एवढं आलं की झालं," असं सांगून ते गृहस्थ चहा पिऊन गेले. मी लिहून पाहिलं. तळोद्याकडचं गाव, विशीच्या आतच सुरत, पुढे पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये बॉयलरवर निवृत्तीपर्यंत. तीन ओळींत तुम्ही संपलात. त्या तीन ओळींत हंसा नव्हती. मी ती विसरले नव्हते. पुराव्याशिवाय लिहायचं नाही ही माझी सवय, आणि ती तुमच्या तेराव्यानंतरही माझ्या हातात तशीच होती. तेव्हा मी कागद फाडला आणि हा घेतला. हा तुम्हालाच लिहिते आहे. मंडळाने छापला तर छापला.

लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला हंसा सांगितलीत. सुनेशी काय बोलावं ते तुम्हाला सुचत नव्हतं, म्हणून तुम्ही बोटीबद्दल बोललात. एका गुजराती शेठची सागवानी मोटारबोट, लेकीचं नाव दिलेली. रविवारी शेठ पाहुण्यांना घेऊन तापीतून समुद्राच्या तोंडापर्यंत फिरायला जायचे. पांढरा रंग, निळ्या गाद्या, आणि मागे इंजिनापाशी तुम्ही. मग एकाहत्तरची लढाई आली आणि नौदलाला किनाऱ्यावर गस्त घालायला लहान बोटी हव्या झाल्या. शेठने हंसा दिली. गाद्या काढून शेठाणीने घरी नेल्या. पुढच्या बाजूला मशीनगनचं स्टँड बसलं, वाळूची पोती रचली गेली, पाच नौसैनिक चढले. तुम्हाला उतरायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्यातल्या कुणाकडूनच इंजिन सुरू होईना, तेव्हा माणूस पाठवून तुम्हाला घरून बोलावून नेलं.

"मंग?" मी विचारलं होतं. तुमची अहिराणी माझ्या तोंडात बसली नव्हती, पण तेवढा एक शब्द मी उचलला होता.

"मंग काय? तिले थंडी वाजे," तुम्ही म्हणालात. "मी तिले गोधडी पांघराडी."

तुम्ही गावाकडची गोधडी इंजिनावर घालून ठेवायचे. साहेब म्हणजे त्या बोटीवरचा दक्षिणेकडचा अधिकारी, तो पहिल्या दिवशी हसला. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "पाटील, और एक गोधडी मिलेगा?" तुम्ही सोनवणे. पण मराठी माणूस म्हणजे पाटील, एवढंच त्याला माहीत होतं, आणि लढाई संपेपर्यंत तुम्ही पाटीलच राहिलात.

तुम्हाला पोहता येत नव्हतं. बोट नदीचं तोंड ओलांडून समुद्रात शिरली की तुम्हाला ओकाऱ्या व्हायच्या. एका हातात पाना, दुसऱ्या हातात बादली. विलास लहानपणापासून हे ऐकत आलेला, तो जेवताना म्हणायचा, "पोहता येत नाही, बोट लागते, आणि म्हणे नेव्हीत होते!" तुम्ही रागवायचे नाहीत. "नेव्हीत नव्हतू. हंसावर व्हतू," म्हणायचे. शेजारचे बापू तर सकाळी गॅलरीतून ओरडायचे, "काय अ‍ॅडमिरल, आज समुद्र कसाय?" आणि तुम्ही दात घासता घासता उत्तर द्यायचे, "शांत शे. तुमनी घरवाली अजून उठेल नही ना!"

मी हसायचे. ऐकायचेही, तुम्हाला वाटायचं त्याहून जास्त लक्ष देऊन. पण मी शाळेतली शिक्षिका, त्यात ग्रंथालय माझ्याकडे. कोणतीही गोष्ट ऐकताना ती कुठल्या कागदाने सिद्ध होईल हे माझ्या डोक्यात चालू असायचं. तुमच्या गोष्टीत कागद नव्हता. तुम्हाला भरती केलं नव्हतं, नेमणुकीचं पत्र नव्हतं, फोटो नव्हता. शेठ वारले, त्यांचं कुटुंब परदेशी गेलं. लढाईनंतर हंसा परत आली ती करडी होऊन. शेठाणीला ती बघवेना, म्हणून ती विकली गेली आणि पुढे मोडीत निघाली. मोडताना तुम्ही तिथे उभे होतात. नावाची पितळी पट्टी तेवढी मागून आणलीत.

ती पट्टी मी दर वर्षी पाहायचे. खंडेनवमीला तुम्ही पाटावर तुमचे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, विलासचं कॅल्क्युलेटर आणि माझं पेन मांडायचे. शेवटी जुन्या धोतराच्या फडक्यातून ती पट्टी काढायचे. करडा, जाड, पोपडे आलेला रंग. एका कोपऱ्यातून पांढऱ्या रंगाचा तिरका फराटा गेलेला. खालची अक्षरं दिसतही नव्हती. सगळ्या हत्यारांत तीच कळकट, आणि तुम्ही हळद-कुंकू पहिलं तिला वाहायचे. मला वाटायचं, कुठल्यातरी रंगाऱ्याचा हात लागून बिघडलेली पट्टी आहे, नाना आळसाने साफ करत नाहीत.

तुम्ही शंभरदा सांगितलं होतं, "त्यासनी सगळं करडं करी टाकं. वरथून आकडा काढा." नौदलाने सगळी बोट करडी रंगवून वर नंबर काढला, हे मी शंभरदा ऐकलं होतं. ते वाक्य आणि ती पट्टी मी एकदाही शेजारी ठेवून पाहिली नाही.

गेल्या वर्षी तो फलकाचा विषय निघाला. लढाईच्या दिवसांत या किनाऱ्यावर काम केलेल्या स्थानिक लोकांची नावं नदीकाठी दगडावर कोरायची होती. मच्छीमार, दिवाबत्तीवाले, बोटवाले. बक्षीस नाही, पैसा नाही, फक्त नाव. बापूंनी बातमी आणली, आणि तुम्ही संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिलात. असे तुम्ही कधी उभे राहत नसा.

"मास्तरीन, एक अर्ज लिखी दे. तुनं अक्षर चांगलं शे."

मी लिहिला. पुन्हा पुन्हा वाचून, कच्चा-पक्का करून. तुम्ही चष्मा लावून एकेक शब्दावर बोट ठेवत वाचलात आणि बोट एका जागी थांबलं. मी लिहिलं होतं, 'अर्जदाराच्या म्हणण्यानुसार ते सदर बोटीवर इंजिनाचे काम पाहत होते.'

"हाई 'म्हणण्यानुसार' काढता ई का?"

"नाना, कागद नाही ना आपल्याकडे. तसं लिहिलं नाही तर ते खोटं ठरेल."

"मी सांगी राहिनू ना."

"म्हणूनच तर 'म्हणण्यानुसार'."

तुम्ही चष्मा काढलात. "बरं," म्हणालात आणि सही केलीत. आपला एवढाच वाद. आवाज कुणाचा चढला नाही. पण माझ्या आयुष्यात मी कुणाला इतक्या सभ्यपणे खोटं ठरवलं नसेल.

अर्ज द्यायला कार्यालयात मी तुमच्याबरोबर आले होते. तिथला माणूस चांगला होता, तुम्हाला त्याने खुर्ची दिली. अर्ज वाचून म्हणाला, "काका, कागळ नथी तो कोई वस्तु लई आवो. जे होय ते. साहेब दशेरा पछी बेसशे." कागद नसेल तर वस्तू चालेल, हे ऐकून तुम्ही असे हसलात की मला नवल वाटलं. रिक्षात तुम्ही गुडघ्यावर ताल धरला होता. "वस्तू शे," म्हणालात. "वस्तू शे आपलाकडे." कोणती, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं, पट्टीच. दुसरं काय होतं तुमच्याकडे?

नाना, मी ती साहेबांसाठी घासली. हे मला तुम्हाला सांगायचं आहे आणि हे सांगून काहीही बदलत नाही. दसऱ्याची रंगरंगोटी चालली होती, रंगारी थिनरचा डबा ठेवून जेवायला गेला होता. तुम्ही दुपारचे झोपला होतात. मी मनात म्हटलं, साहेबांसमोर ही अशी कळकट वस्तू कशी न्यायची, निदान नाव तरी वाचता यावं. थिनरमध्ये बुडवली, तारेच्या घासणीने घासली, मग चिंच आणि मीठ. करडं पाणी मोरीतून वाहून गेलं. तो पांढरा फराटाही गेला. हळूहळू गुजराती अक्षरं वर आली, 'हंसा', कडेला वेलबुट्टी. मला किती आनंद झाला होता. बुडालेली बोट वर काढावी तसा. म्हटलं, कागद शोधत बसणाऱ्या बाईने आज सासऱ्यासाठी काहीतरी हाताने केलं.

तुम्ही उठलात. मी पट्टी तुमच्या हातात ठेवली. तुम्ही ती उलटी केली, सुलटी केली. अंगठा अक्षरांवरून फिरवला, जसा तुम्ही मशीनवर फिरवायचे. घरातला मिक्सर असो की पाण्याची मोटर, तळहात टेकवून तुम्ही सांगायचे, बेरिंग गेलं. तसा तुमचा अंगठा तिथे थोडा वेळ राहिला.

"बेस निंघनी व माय," तुम्ही म्हणालात.

छान निघाली म्हणालात, आणि वर माय म्हणालात. त्या दिवशी मास्तरीन नाही म्हणालात.

दसऱ्यानंतर साहेबांकडे जायच्या दिवशी तुम्ही अंथरुणातच होता. विलास चिडला. "महिनाभर हट्ट करून आता जायचं नाही म्हणतात. मी रजा टाकलीय नाना!" तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "आते काय दखाडू त्यासले?"

आता काय दाखवू त्यांना. मी दारात उभी होते. मी हे ऐकलं. मघाशी मी लिहिणार होते की मला तेव्हा काही कळलं नव्हतं. ते पूर्ण खरं नाही. एक प्रश्न वर येत होता आणि मी तो वर येऊ दिला नाही. मी चहा टाकायला गेले.

मग थंडीत फलक लागला. वर्तमानपत्रात नावं आली. तुम्ही मला वाचायला लावलीत, मोठ्याने, तुमच्या कानांसाठी. मी एकेक वाचलं. शेवटचं वाचून थांबले.

"सरनी का?"

"संपली, नाना."

"चांगला लोके व्हतात," तुम्ही म्हणालात. त्यातल्या एका मच्छीमाराला तुम्ही ओळखत होता. तो हंसाला रोज ताजे बोंबील द्यायचा आणि तुम्ही ते बघूनच ओकायचे. हे सांगून तुम्ही हसलात, आणि मीही हसले, नाना. तेव्हाही मला बोलता आलं असतं. तुमचा हात माझ्या हातापासून चार बोटांवर होता.

दवाखान्यात आठ दिवस होतात. ऑक्सिजनचं मशीन खाटेला लागून होतं. तुमचा हात सारखा तिकडे जायचा, नर्स परत घेऊन ठेवायची. एकदा मी तो जाऊ दिला. तुम्ही तळहात मशीनवर टेकवला आणि डोळे मिटले. मी वाकून विचारलं, "बेरिंग ठीक आहे का?" तुम्ही मान हलवलीत, हो की नाही ते मला समजलं नाही. आपलं शेवटचं बोलणं यंत्राबद्दल झालं. माझ्या तोंडाशी दुसरं काहीतरी होतं. आठही दिवस होतं.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी बापू घरी भेटायला आले. रोज तुम्हाला अ‍ॅडमिरल म्हणून चिडवणारा माणूस माझ्यासमोर रडला. मग म्हणाले, "सूनबाई, ती पट्टी बघू द्या एकदा." मी आणून दिली. त्यांनी ती हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ही नाही. ती नेव्हीची."

"हीच ती. मी साफ केली."

बापूंनी पट्टी उलटी करून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाले, "मला दाखवायचा तो. तो करडा रंग, आणि तो पांढरा शेपटा, बोटीवर काढलेल्या आकड्याचा. म्हणायचा, बापू, लोकं कागद मांगतस. हाऊच मना कागद शे."

मग त्यांना वाटलं असावं की जास्त बोललो. "पण छान चमकते हो," म्हणाले.

नाना, तुम्ही हे बापूंना सांगितलंत. मला का नाही? मी रोज तुमच्यासमोर होते. विचारते आहे आणि उत्तर मला माहीत आहे. ज्या बाईने 'म्हणण्यानुसार' लिहिलं, तिला कोण काय दाखवेल? तुम्हाला तो कागद साहेबांपुढे ठेवायचा होता, आणि माझ्याही. मी तुमच्या शेजारी बसले असते आणि साहेबांनी फडकं उलगडून म्हटलं असतं, हां काका, हा नेव्हीचा रंग. मग तुम्ही माझ्याकडे पाहिलं असतंत. एवढंच तुम्हाला हवं होतं. कदाचित साहेबांनी रंगाला पुरावा मानलंही नसतं, असं मी रोज स्वतःला सांगते. ते मला कधीच कळणार नाही, कारण तो रंग आपल्या मोरीतून गेला. तापीलाच मिळाला असेल. तुम्ही म्हणायचे ना, "तापी आपलीच शे. आठे ईसन गुजराती बोलस, इतलंच." इथे येऊन गुजराती बोलणाऱ्या त्या आपल्या नदीवर तुम्ही जे कमावलंत ते मी तिच्यातच ओतलं.

लग्नानंतर मला बी.एड. करायचं होतं तेव्हा घरात तुम्ही एकटे माझ्या बाजूने बोललात. शाळेच्या ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं तुम्ही घरी आणून शिवायचे, मिलमधल्या साड्यांचे उरलेले तुकडे पाठीला लावून. अजूनही माझ्या कपाटात इतिहासाच्या पुस्तकांना गुलाबी फुलांच्या पाठी आहेत. मुलं हसायची, पण त्या पाठींतलं एक पान आजवर सुटलेलं नाही. जुनी वस्तू सांभाळायची कशी ते मला तुम्ही शिकवलंत. आणि तुमची एक वस्तू माझ्या हातात आली.

दहाव्याला मी नदीकाठी आले होते. मनाशी ठरवून आले होते. कावळा शिवायला वेळ लावतो, मग घरचे एकेक पुढे येऊन कबूल करतात, काळजी करू नका, हे करू, ते करू. मी तयार होते. पिंडापुढे जाऊन, विलास, बापू, मिलमधले तुमचे सोबती, सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं होतं: नाना, तुमचं खरं होतं, आणि ते मी पुसलं. सकाळपासून तेच शब्द घोकत होते.

भटजींनी पिंड मांडला, मागे सरकले, आणि त्यांचं पाऊल टेकायच्या आत कावळा आला. कसली वाट नाही, काही नाही. सगळ्यांनी हात जोडले. बापू म्हणाले, "काही बाकी ठेवलं नाही माणसाने. शांत गेला." विलासच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. माझे शब्द माझ्या तोंडात राहिले. तुम्ही माझ्याकडून काही मागितलंच नाहीत, नाना. अर्जाच्या वेळी मागितलंत तेवढंच, एक शब्द काढून टाक म्हणून, आणि तो मी काढला नाही. त्यानंतर तुम्ही मागणं सोडून दिलंत, कावळ्यासमोरसुद्धा.

परत येताना मी एकटी फलकापाशी उतरले. नावं दगडात खोल कोरली आहेत. शेवटच्या नावाखाली जागा आहे, एका ओळीची, फार तर दोन. मी तिच्यावर तळहात ठेवून पाहिला. दगड तापला होता.

घरी येताना रंगाच्या दुकानातून करड्या रंगाचा छोटा डबा आणला. पट्टीवर पुन्हा लावावा म्हणून. झाकण उघडलं आणि बंद केलं. तो रंग खोटा असेल, आणि खोटं मला अजूनही करता येत नाही. तुम्हाला 'म्हणण्यानुसार' लावणारा माझा हात तोच आहे. डबा माळ्यावर ठेवला आहे. विलासने विचारलं कशाला आणला, तर मी म्हटलं, राहू दे.

पण एक गोष्ट उरते. त्या रंगासह ती पट्टी पाहिलेली आम्ही तीनच माणसं जिवंत आहोत. विलासने कधी नीट पाहिली नाही. बापूंचं लिहिणं सुटलं आहे. मी पाहिली आहे, दर खंडेनवमीला. तो रंग कसा होता, फराटा कुठून कुठे गेला होता, हे मला पाठ आहे. म्हणून अर्ज पुन्हा लिहिते आहे. साहेब बदलले असतील, मुदत गेली आहे, कार्यालयातला तो चांगला माणूस मान हलवेल, हे मला माहीत आहे. उद्या तरीही घेऊन जाणार आहे. तुम्ही बोट ठेवून वाचाल अशा मोठ्या अक्षरात लिहिला आहे.

'मी, सौ. सुनंदा विलास सोनवणे, निवृत्त शिक्षिका, लिहून देते की माझे सासरे कै. पुंडलिक सोनवणे लढाईच्या काळात किनाऱ्याच्या गस्तीवर घेतलेल्या हंसा या बोटीवर इंजिनाचे काम पाहत होते. त्या बोटीची पितळी पट्टी सोबत जोडली आहे. तिच्यावर नौदलाचा करडा रंग होता आणि पांढऱ्या आकड्याचा एक भाग होता. तो मी स्वतःच्या डोळ्यांनी वर्षानुवर्षे पाहिला आहे. पट्टीवर आज तो रंग नाही. तो मी काढला.'